अकरा वाजताची आग

नाना,

तुमच्या दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवला, लोक हात जोडून चार पावलं मागे सरले, आणि लगेच कावळा शिवला. भटजी दर्भ काढून तयार बसले होते, त्यांनी तो मुकाट्यानं पिशवीत ठेवला. सगळे म्हणाले, नानाचं काही मागं राहिलं नव्हतं, सुटला बिचारा. मी मनात म्हटलं, कावळा खोटं बोलतोय. तुमचं राहिलं होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

म्हणून हे लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. जिवंतपणी मी लिहिलेलं तुम्ही कधी वाचलं नाहीत, म्हणून तर माझं इतकी वर्षं निभावलं.

तुम्ही तापात पडला होतात तेव्हा कचेरीतून एक हुकूम निघाला. त्यात आपल्या कुंडेवाडीचं नाव आहे. सरकारी जंगलाला लागून ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी आणि जंगल खात्यानं मिळून जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा जळका पट्टा, राखायची, ही आपली व्यवस्था वरच्या साहेबांना फार पसंत पडली. सात वर्षांत एकदाही वणवा कुंडेवाडीच्या बाजूनं जंगलात चढला नाही, असं त्यात कौतुकानं लिहिलं आहे. तेव्हा या सालापासून रेवदंड्याच्या खाडीवरच्या सगळ्या गावांना तोच करार द्यायचा, कुंडेवाडीला होता तसाच्या तसा. त्यात दोन कलमं खास आहेत. एक, जाळरेषा सकाळी अकराच्या पुढे जाळायची. दुसरं, ज्यांची नावं जंगलाला आग लावणारे म्हणून नोंदली आहेत त्यांना आणि त्यांच्या वारसांना करारात घ्यायचं नाही. आमच्या राऊंडच्या त्या यादीत पहिलं नाव तुमचं आहे, धर्मा राघो, शेतकरी, मौजे कुंडेवाडी. ते नाव माझ्या अक्षरात आहे.

म्हणजे तुमच्या पोराला, पांडूला, शेतासाठी टहाळ तोडता येणार नाही. आणि खाडीवरच्या सगळ्या गावांनी जाळरेषा अकरा वाजता पेटवायची.

मी घाटावरून इथं फॉरेस्टर म्हणून आलो तेव्हा तुमची माझी पहिली भेट भांडणाची झाली. तुमच्या राबाच्या जागेत मी चपला घालून उभा राहिलो होतो. मला वाटलं नुसता मोकळा तुकडा आहे, थोडी राख नि ढेकळं. तुम्ही बांधावरून म्हणालात, सरकार, जरा बाजूला व्हा, तुम्ही आमच्या ताटात उभे आहात. मला राग आला. सरकारी माणसाला असं बोलायची रीत नव्हती, आणि तेव्हा मी सरकारी माणूस म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत होतो. मग तुम्ही मला खाली बसवून समजावलंत की ऐनाची, किंजळीची डहाळी तोडून वाळवायची, या जागेवर पसरायची, वर शेण आणि माती टाकायची आणि भाजायची. त्या राखेत भाताचं रोप होतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी नाही. माझ्या पुस्तकात राबाबद्दल एकच वाक्य होतं, की ही चाल जंगलाला घातक आहे.

तुम्हीच मला दाखवलंत की ऐन तोडतात कसा. शेंडा कधी घ्यायचा नाही, आणि एका झाडाला तीन वर्षांत एकदाच हात लावायचा. तुमच्या आज्यानं राखलेले ऐन तुमच्या डोंगरउताराच्या वरकस जमिनीत डोक्यावर झुपका घेऊन उभे होते, तेव्हा सरकारी हद्दीतले कुणीकुणी चोरून बोडके केलेले होते. मी म्हटलं, सगळ्यांना असं का नाही जमत. तुम्ही म्हणालात, ज्याला उद्या यायचं आहे तो शेंडा ठेवतो, ज्याला शिपाई यायच्या आत पळायचं आहे तो कशाला ठेवील. त्यातूनच मला कराराची कल्पना सुचली. लोक तिला माझी कल्पना म्हणतात, मीही म्हणू देत आलो.

करार साधा होता. वर सरकारी जंगल, खाली तुमच्या लोकांच्या जमिनी. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यातलं गवत कापून जाळायचं, म्हणजे वणवा आला तरी त्याला ओलांडता येऊ नये. वरच्या अंगाचं काम आमच्या मजुरांनी करायचं, खालच्या अंगाचं तुम्ही. मोबदल्यात तुम्हाला राबापुरता टहाळ तोडायचा पास, जो कायद्यानं स्वतःच्या झाडालाही लागतो. तुम्ही घरोघर जाऊन माणसं तयार केलीत. ते साल कसलं होतं ते आठवतं ना. आदल्या वर्षी गावंच्या गावं कोयते घेऊन सरकारी जंगलात शिरली होती, कायदा मोडून तुरुंगात गेली होती. जंगल खात्याच्या टोपीला पाणी द्यायला कुणी तयार नव्हतं. लोक तुम्हाला म्हणाले, नाना, तू सरकारचा झालास. तुम्ही सगळ्यांसमोर उत्तर दिलंत की मी माझ्या ऐनाचा आहे, सरकार आलं बरोबर तर येऊ दे. आणि सगळ्यांच्या आधी अंगठा उठवलात.

आणि मी, शहाणा, त्या करारात वेळ घातली. सकाळी अकराच्या पुढे.

घाटावर मी शिकलो होतो की पहाटे गवतावर दंव असतं, तेव्हा आग नीट धरत नाही, पट्टा अर्धवट जळतो. ऊन चढू द्यावं, गवत वाळू द्यावं, मग काडी लावावी. तिकडे ते खरंही असेल. पण हा दर्याकाठ आहे. इथं पहाटे वारा डोंगराकडून दर्याकडे वाहतो. तुम्ही त्याला मतलई म्हणायचात. त्या वाऱ्यात पट्टा पेटवला की आग खाली सरकते, कापलेल्या शेतात येते आणि भुकेनं मरते. ऊन तापलं की दहा-अकराला वारा फिरतो, दर्यावरून खारा वारा सुटतो आणि डोंगर चढायला लागतो. कुंडेवाडीत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

तुम्ही कलम ऐकल्यावर म्हणालात, "भाऊसायेब, अकराला वारा फिरतो."

मी म्हटलं, "सरकारी कामाला ठरलेली वेळ लागते, नाना."

"वाऱ्याची बी ठरल्याली हाय."

लोक हसले. मला ते हसू झोंबलं, आणि अकरा तसेच राहिले. घाटावरचं डोकं ऊन लागल्याशिवाय तापत नाही, असं तुम्ही मला पुढे चिडवायचात. त्या दिवशी ते जरा जास्तच तापलं होतं.

त्या फाल्गुनातल्या दिवसाबद्दल मी कुणाशी बोललो नाही. तुमच्याशीही नाही, आणि तुम्ही तर त्यात होतात. आपण उजाडायच्या आधीच वर गेलो होतो. तुमची माणसं रांगेनं उभी, हातात ओल्या डहाळ्या, तुमच्या घरातून काकूही आल्या होत्या. तुम्ही राबातली चिमूटभर राख आणली होतीत, ती हवेत सोडलीत. राख सरळ खाडीकडे गेली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, लावू? मी म्हटलं, नाही. कराराची वेळ झालेली नाही, नाक्यावरचे शिपाईही आलेले नाहीत. तुम्ही वाद घातला नाहीत. काड्याची पेटी मुठीत धरून दगडावर बसलात. काकूंनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी सोडली. आपण खाल्ली. मतलई वाहत राहिली, मग मंद झाली, मग पडली. जाळायची किती सुंदर वेळ आपण त्या दगडावर बसून घालवली.

अकरा वाजले. तुम्ही पुन्हा राख सोडलीत. ती माझ्या तोंडावर आली.

तुम्ही म्हणालात, "नगा लावू, भाऊसायेब. वारा फिरला." मी घड्याळाकडे बघितलं. म्हटलं, "लावा."

तुम्ही लावलीत. त्यापुढे दिवे लागेपर्यंत आपण ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो. आग पट्टा ओलांडून अशी वर गेली की पाखरं आधी की ज्वाळा आधी हे कळेना. तुमच्या भुवया जळाल्या. माणूस गेलं नाही ही देवाची कृपा, पण वरचं सागाचं नवं रान, मी स्वतः उभं राहून लावून घेतलेलं, काळं झालं. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की मी सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी तेव्हाचे रेंजर साहेब आले. त्या दिवसांत कुठंही धूर निघाला की त्यांना त्यात कायदा मोडणारे दिसायचे. त्यांनी विचारलं, आग कुणी लावली? मी म्हटलं, धर्मा राघोनं. हे खरंच होतं. कुठं लावली, असं त्यांनी विचारलं असतं तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. लिहून द्या म्हणाले. आणि मी लिहिलं की राब भाजताना आग निसटली. चार शब्द, नाना. त्यात अकरा वाजल्याचं नाव नाही, माझ्या ‘लावा’चं नाव नाही, तुम्ही नको म्हटल्याचं नाव नाही. तुमचा पास बंद झाला. तुमचं नाव यादीत चढलं. माझ्या प्रसंगावधानाबद्दल मला शाबासकी मिळाली.

पहिली तीन वर्षं तुम्हाला पानसुद्धा तोडता आलं नाही, तुमच्या स्वतःच्या ऐनाचंही नाही. काकू शेण आणि पाचोळा गोळा करत फिरायच्या, दूरच्या माळावरून डोक्यावरून भारे आणायच्या. त्या वर्षांतलं तुमचं रोप पिवळं पडलेलं मी रस्त्यावरून बघायचो आणि पाय उचलून चालायला लागायचो. पुढे मी डोळेझाक करू लागलो. तुम्ही चार डहाळ्या तोडल्यात की मला दिसायच्या नाहीत. तेवढीच माझी मर्दुमकी.

पण तुमची मर्दुमकी वेगळी. आगीनंतरच्या पुढच्याच फाल्गुनात मी तुमच्या दारावरून जात होतो, मान खाली. तुम्ही हाक मारलीत आणि विचारलंत, औंदा लाईन कधी जाळायची? मी म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा. त्यावर तुम्ही नुसतं बरं म्हणालात. एवढ्यावर मी समजलो की माफी मागून झाली. फार स्वस्तात सोडवून घेतलं मी स्वतःला.

त्या सालापासून आपण मतलई वाऱ्यात जाळू लागलो. तुमची जमीन पट्ट्याच्या बरोबर मध्यावर, ती सोडली तर रेषेला खिंडार पडणार, म्हणून करारात नाव नसताना, पास नसताना, तुम्ही तुमच्या वाट्याचा पट्टा दर साल कापलात. डायरीत मी तिथं लिहायचो, काम सरकारी मजुरांनी केलं. वेळ लिहायचो अकरा. आणि सात वर्षं तो पट्टा ओलांडून एक ठिणगी वर गेली नाही. आता साहेब म्हणतात अकराची वेळ फार यशस्वी ठरली.

लोक म्हणतात, सरकारनं कुंडेवाडीच्या शेतकऱ्यांना सहकार्य दिलं. आपलं हे भांडण अर्धवटच राहिलं बघा. मी म्हणायचो, खात्यानं टहाळ दिला हे तरी कबूल करा. तुम्ही म्हणायचात, माझ्याच झाडाचं पान मला देणारा हा कोण? मी म्हणायचो, कायदा आहे. तुम्ही म्हणायचात, आहे ना, मी कुठं नाही म्हणतो, पण देणाऱ्याचा हात वर धरू नका, काम दोघांनी केलं आहे. मी हट्टानं कधी मान्य केलं नाही. आज करतो, आणि जरा पुढेही जातो. दोघांनी नाही, नाना. आम्ही कागद दिला, त्यात चुकीची वेळ घातली आणि चूक तुमच्या माथी मारली. सहकार्य म्हणून जे काही झालं ते तुमच्या बाजूनं झालं.

तीन वर्षांपूर्वी एकदा मला उपरती झाली होती. जाळून झाल्यावर आपण बसलो होतो आणि मी म्हटलं, नाना, मी खरं काय ते कचेरीत लिहून देतो. तुम्ही पायाखालची राख अंगठ्यानं सारखी करत राहिलात. मग म्हणालात, "नगा लिवू. तुमची बदली हुईल. नवा येईल, त्यो पुन्ना अकरा म्हनंल. माज्या नावाचं काय, गावात त्ये चांगलं हाय." मी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं केवढा हा मोठेपणा. आणि मोठेपणाच्या आड मला सुटल्यासारखंही वाटलं, तेही आज सांगून टाकतो.

दहाव्याच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी काकूंपाशी गेलो. त्या परसात भांडी घासत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की त्या दिवशी नानांनी नको म्हटलं होतं, मी लावा म्हटलं, आणि कागदावर खोटं लिहिलं. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, मना काय सांगताव, मी तिथंच व्हते. मग मी म्हटलं की मी एकदा लिहून देणार होतो, पण नानाच नको म्हणाले.

तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"तुमाला म्हनले आसतील. घरात दर साली लाईन जाळून आलं का मी इचारायची, बोललं का भाऊसायेब? म्हनायचे, न्हाय. फुडल्या साली बोलतील."

एवढं बोलून त्यांनी पातेलं पालथं घातलं आणि दुसरं घेतलं.

नाना, मला तुमचा राग आला. आजही आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावणार. फुडल्या साली. सात वेळा तुम्ही घरी जाऊन ते सांगितलंत, आणि माझ्यासमोर म्हणालात नगा लिवू. का? मला एकदा धरून हलवायचं होतंत. दोन शिव्या द्यायच्या होत्यात, तुमच्याकडे काय कमी होत्या? राबात चपला घातल्या तर सरळ बाजूला व्हा म्हणालात, आणि मी तुमच्या आख्ख्या नावावर उभा होतो तेव्हा गप्प राहिलात. आता कळतं. मागून घेतलेलं तुम्हाला नको होतं. ते माझं मला सुचायला हवं होतं, आणि मी तुमच्या एका नकारावर विसंबून राहिलो. तुम्ही जे नगा म्हणालात ते मी आता ऐकणार नाही. तुमची आज्ञा मोडतो, खुशाल रागवा.

परवा मी रेंज कचेरीत गेलो. नवे रेंजर साहेब तरुण आहेत, माणूस वाईट नाही. मी कागद पुढे ठेवला. त्यात लिहिलं होतं की त्या वर्षीची आग राब भाजताना निसटलेली नव्हती, ती जाळरेषेवर लावलेली होती. अकराची वेळ मी ठरवली. धर्मा राघो यांनी वारा फिरेल असं दोनदा सांगितलं, मी ऐकलं नाही, आणि मी लावा म्हटलं म्हणून त्यांनी ती लावली. पुढची सात वर्षं पट्टा पहाटे जाळला जात होता, धर्मा राघो आपल्या वाट्याचं काम करत होते, आणि माझ्या डायरीतली वेळ खोटी आहे. सबब त्यांचं नाव यादीतून काढावं, मुलाला करारात घ्यावं आणि सर्व गावांसाठी अकराचं कलम रद्द करावं.

साहेबांनी दोनदा वाचलं. मग दार लोटून घेतलं आणि मला बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत त्या कचेरीत मला कुणी खुर्ची दिली नव्हती. ते म्हणाले, माणूस गेला, आता उकरून काय मिळणार. हुकूम वरून आला आहे, त्यात तुमचंच कौतुक आहे. डायऱ्या खोट्या म्हटल्यावर तुमची नोकरी राहील का, आणि माझी तरी शोभा राहील का. मग आवाज खाली आणून म्हणाले, असं करू, यादीतलं नाव मी माझ्या अधिकारात काढतो, पोराला पास देतो. अकराचं राहू द्या. तुम्ही तिथं पहाटे जाळता तसं जाळत राहा, कोण बघायला येतं आहे.

खरं सांगतो, नाना, क्षणभर ते बरं वाटलं. पांडूला टहाळ मिळत होता, माझी भाकरी राहत होती, तुमचं नाव मोकळं होत होतं. आपण सात वर्षं केलं तेच तर करायचं होतं. मग मला खाडीवरची ती बाकीची गावं दिसली. तिथल्या प्रत्येक पट्ट्यावर या फाल्गुनात कुणीतरी तुमच्यासारखाच माणूस मतलई वाऱ्यात उभा राहणार. त्यानं अंगठा दिलेला असणार. म्हणून तो काड्याची पेटी मुठीत धरून वारा फिरेपर्यंत बसून राहणार, कारण कागदावर अकरा लिहिले आहेत, आणि ते अकरा कुंडेवाडीत यशस्वी झालेले आहेत. आणि आग वर गेली की माझ्यासारखा एक फॉरेस्टर चार शब्द लिहिणार.

मी म्हटलं, साहेब, नाव काढायचं तर का काढलं ते लिहून काढा. चोरून लागलेलं नाव नाही ते, चोरून पुसायचंही नाही.

ते म्हणाले, मग निदान ते वाक्य तरी काढा. मी लावा म्हटलं म्हणून त्यांनी ती लावली, हे. बाकी सगळा कागद मी वर पाठवतो, वेळेचंही बघतो. या एका वाक्यानं तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःला बुडवता आहात. त्यांच्या आवाजात काळजी होती, ती मला नाकारायची नाही. पण ते वाक्य काढलं तर काय उरतं? तुम्ही चुकलात की नाही एवढंच उरतं. तुम्ही चुकला नव्हतात, नाना, तुम्ही शब्द पाळला होतात. चूक दिसत असताना, राख तोंडावर उडत असताना, अंगठा दिला आहे म्हणून तुम्ही पाळला होतात. करार पाळणारा त्या डोंगरावर त्या दिवशी एकच माणूस होता, आणि आम्ही त्यालाच यादीत घातलं.

साहेबांनी टाक दौतीत बुडवला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाले, एकच ओळ आहे, खोडा.

मी टाक घेतला आणि त्या ओळीखाली रेघ ओढली. ती वाळेपर्यंत तिथून हललो नाही.